किल्ली फिरली, पण गाडीने ओळखलं का?

मोटरसायकलची किंवा स्कूटरची किल्ली फिरवणं ही एकच कृती वाटते, पण त्या सेकंदभरात तीन वेगळी कामं होतात. किल्लीची पाती कुलपातल्या पट्ट्यांशी जुळते आणि कुलूप फिरतं. कुलपाच्या बुडाशी बसवलेला विजेचा स्विच जोडला जातो. आणि गाडी जरा नवी असेल तर किल्लीच्या डोक्यात दडलेली चिप गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आपली ओळख पटवते. तिन्ही कामं एकाच जागी होत असल्यामुळे नवखा माणूस त्यांना एकच समजतो. मग डुप्लिकेट किल्ली कुलपात लोण्यासारखी फिरते तरी गाडी चालू का होत नाही, हे कोडं पडतं. किंवा बॅटरी उतरलेली असते आणि शिव्या इमोबिलायझरला, म्हणजे किल्लीची ओळख पटली नाही तर इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेला, बसतात.

म्हणून नव्या मालकाने सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं: इंजिन चालू होऊ द्यायचं की नाही, हे माझ्या गाडीत कोण ठरवतं? स्विच, चिप की खिशातला रिमोट? किल्ल्या किती असाव्यात, गाडी अडली तर तपासणी कुठून सुरू करायची, कुलपावर किती भरवसा ठेवायचा, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

पायरी १: ठरवणारा कोण ते ओळखा

किल्ली ऑन करा आणि मीटरकडे बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला छोटा दिवा पेटून साधारण दोन सेकंदांत विझला, तर गाडीत इमोबिलायझर आहे आणि त्याने किल्ली ओळखली. होंडाच्या अनेक गाड्यांवर यासाठी एचआयएसएस ही अक्षरं असतात. किल्ल्यांच्या रंगावरूनही अंदाज येतो. यामाहाच्या इमोबिलायझरवाल्या बऱ्याच गाड्यांबरोबर एक लाल आणि दोन काळ्या किल्ल्या मिळतात, केटीएमच्या अनेक गाड्यांबरोबर एक नारिंगी किल्ली येते. किल्लीचं डोकं जाड आहे एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. पुष्कळ जाड डोकी आतून पोकळ असतात.

शंका उरलीच तर किल्लीच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन-तीन घड्या घट्ट गुंडाळा आणि गाडी चालू करून बघा. चिप असेल तर ती बहुतेक वेळा वाचली जात नाही आणि इंजिन पकडत नाही. फॉइल काढल्यावर सगळं पूर्ववत. चिप नसेल तर फॉइलने काहीच फरक पडत नाही.

किल्ली घालायला भोकच नसेल, फक्त फिरवायची गोल मूठ किंवा बटण असेल, तर गाडी कीलेस आहे. तिचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

पायरी २: साध्या किल्लीमागची वायर समजून घ्या

चिप नसलेल्या गाड्यांतही दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट वागतात.

जुन्या, मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर, चालणाऱ्या अनेक लहान गाड्यांत ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिन फिरलं की मॅग्नेटोतली कॉइल सीडीआयला, म्हणजे ठिणगी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, वीज पुरवते. किल्ली ऑफ केली की स्विच एक वायर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, जोडतो आणि ठिणगी मरते. थोडक्यात, इथे किल्ली इंजिन बंद ठेवण्याचं काम करते. स्विचचा कनेक्टर ढिला झाला किंवा ती वायर तुटली तर इंजिन किल्लीने बंदच होत नाही. असं झालं तर सीडीआय गेला म्हणून घाबरू नका, आधी ती एक वायर बघा. आणि याच रचनेमुळे अशा गाडीची विजेच्या बाजूची सुरक्षा जवळजवळ शून्य असते, हेही मनात ठेवा.

दुसऱ्या जातीत, म्हणजे डीसी सीडीआय (बॅटरीवर चालणारा सीडीआय) किंवा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, वीज बॅटरीतून मुख्य फ्यूजमार्गे स्विचला येते आणि तिथून ईसीयू, फ्युएल पंप, इग्निशन कॉइल यांच्याकडे जाते. किल्ली ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद जो घूंऽ असा आवाज येतो तो पंप दाब तयार करत असल्याचा. त्या आवाजाची सवय कानाला लावून घ्या. गाडी अडल्यावर तो आला की नाही, यावरून अर्धं निदान होतं.

या रचनेत स्विचच्या दोन वायरी एकत्र जोडल्या की काम भागतं, हे चोरांना ठाऊक होतं आणि उत्पादकांनाही. त्यावर काही जपानी गाड्यांत एक स्वस्त आणि हुशार उपाय केला गेला. स्विचच्या आत १०० ओहमचा एक छोटा रेझिस्टर बसवला. ईसीयू किंवा इग्निटर त्या वायरवर तेवढाच रोध सापडतो का ते बघतो, नुसत्या जोडलेल्या वायरीवर ठिणगी देत नाही. युक्ती बाहेर फुटल्यावर तिचा धाक संपला. पण ती माहीत असायला हवी, कारण अशा गाडीला बाजारातला भलताच स्विच बसवला तर दिवे लागतात, सेल्फ फिरतो आणि इंजिन काही केल्या पकडत नाही.

स्विचच्या आतल्या पत्र्यांची झीज हा साध्या गाड्यांचा नेहमीचा आजार. खड्ड्यातून जाताना मीटर क्षणभर विझतो, किल्ली जराशी हलवली की परत येतो. किल्लीला जड जुडगा लटकवलेला असेल तर ही झीज लवकर होते. मल्टीमीटर असेल तर किल्ली ऑन करून, दिवे चालू ठेवून, स्विचच्या आधी आणि नंतर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर स्विच साफ करायची किंवा बदलायची वेळ झाली. कुलपात घट्ट तेल किंवा ग्रीस सोडू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. ग्रॅफाइट किंवा कोरडं वंगण पुरतं.

पायरी ३: चिप आणि ईसीयू यांचं बोलणं

लेखाचा गाभा हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये काचेची बारीक नळी किंवा काळी वडी बसवलेली असते. तिच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक चिप. बॅटरी नसते. कुलपाच्या तोंडाभोवती दुसरी गुंडाळी असते, तिला अँटेना रिंग म्हणतात. किल्ली ऑन झाली की या रिंगमधून साधारण १२५ किलोहर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र किल्लीतल्या गुंडाळीत वीज निर्माण करतं आणि तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते. अंतर काही सेंटिमीटरचंच चालतं, म्हणून किल्ली कुलपात असली तरच संवाद होतो.

चिप काय बोलते हे पिढीनुसार बदलतं. पहिल्या पिढीच्या चिपमध्ये एक कायमचा क्रमांक होता. विचारलं की तोच क्रमांक सांगायचा. एकदा ऐकला की नक्कल करता येत असे. नंतरच्या पद्धतीत ईसीयू दर वेळी एक नवा, यदृच्छ आकडा पाठवतो. चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्याशी त्याचं गणित करून उत्तर देते. ईसीयूने तेच गणित स्वतःही केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर ठिणगी आणि पेट्रोल सुरू. गुप्त आकडा हवेतून कधीच जात नाही, त्यामुळे नुसतं ऐकून चोराच्या हाती काही लागत नाही. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकतं.

गुप्त आकडा किती लांब आहे यावर सुरक्षा ठरते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका लोकप्रिय चिपमध्ये तो ४० बिटचा होता, म्हणजे शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. ऐकायला प्रचंड, पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी ती पद्धत फोडून दाखवली. ४८ बिटची हिटॅग-२ ही चिपही २०१२ मध्ये संशोधकांनी काही मिनिटांत फोडली. नव्या चिप १२८ बिटच्या एईएस या सांकेतिक लेखनाच्या पद्धतीकडे वळल्या आहेत. सामान्य मालकाने यातून घाबरण्यासारखं फारसं नाही. प्रयोगशाळेतली फोड आणि रस्त्यावरची चोरी यांत अंतर असतं, आणि दुचाकीचोराला याहून सोपा मार्ग उपलब्ध असतो. तो शेवटी बघू.

चिपचा उपयोग खरंच होतो का? युरोपियन युनियनने १९९८ पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर अभ्यास केला तेव्हा त्यामुळे तिथली कारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उलट बाजूही आहे. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच कार इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या होत्या, आणि २०२१ नंतर त्या उचलण्याची साथच पसरली. सक्ती कारसाठी होती, दुचाकीसाठी नाही. त्यामुळे महाग मोटरसायकललाही चिप असेलच असं गृहीत धरू नका, पहिली पायरी करूनच बघा.

पायरी ४: किल्ल्या मोजा आणि त्यांच्या जागा ठरवा

चिपच्या गाडीत किल्ली हरवणं हे साध्या गाडीपेक्षा फार वेगळं प्रकरण आहे. पाती कापून मिळते, पण चिपची नोंद ईसीयूत व्हावी लागते.

यामाहाच्या लाल किल्लीचं काम नव्या काळ्या किल्ल्यांची नोंद करणं एवढंच. रोज वापरायची नाही. लाल हरवली तर काळ्या चालत राहतात, पण नवी किल्ली नोंदवता येत नाही. पुढे काळ्याही हरवल्या तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे सगळी इमोबिलायझर यंत्रणाच बदलावी लागते. केटीएमची नारिंगी किल्लीही अशाच नोंदणीसाठी आहे. होंडाच्या एचआयएसएसमध्ये वेगळी मास्टर किल्ली नाही. चारपर्यंत किल्ल्या नोंदवता येतात आणि नवी नोंदणी करताना हजर नसलेल्या किल्ल्यांची जुनी नोंद पुसली जाते. हा त्रास वाटतो, पण फायद्याचा आहे. हरवलेली किल्ली अशा वेळी नुसता धातूचा तुकडा उरते. सर्व्हिस सेंटरला जाताना मात्र घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या, नाहीतर घरी राहिलेलीही बाद होईल.

तेव्हा आज करायचं काम हे. नोंदणीची रंगीत किल्ली असेल तर ती जुडग्यातून काढून घरात कुलूपबंद ठेवा. आणि दोन किल्ल्या शिल्लक असतानाच तिसरी करून घ्या. एकच उरली की ती पुढे ढकलण्याची गोष्ट राहत नाही, आणि शून्यावर आल्यावर मेकॅनिकच्या हातात फार थोडे पर्याय असतात. बरेच जण गाडी घेतल्याच्या दिवशी दुसरी किल्ली कुठल्याशा खणात टाकतात आणि विसरतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिनेही गाडी चालू करून बघा, म्हणजे ऐन वेळी चिप मेल्याचं कळणार नाही.

किल्लीबरोबर धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा टॅग येतो, त्यावर पातीचा क्रमांक असतो. तो क्रमांक असेल तर मूळ किल्ली समोर नसतानाही पाती कापता येते. म्हणून तो टॅग रोजच्या किल्लीला लटकवून फिरू नये.

चिप असलेली किल्ली उकळत्या पाण्यात पडू देऊ नका, शक्तिशाली चुंबकाजवळ ठेवू नका, डोकं घासून-कापून लहान करू नका. आणि दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच कड्यात अडकवू नका. रिंगजवळ दोन चिप एकदम जाग्या होतात, दोघी उत्तर देतात आणि ईसीयूला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. घरात दोन गाड्या असलेल्यांची ही सर्वांत सामान्य तक्रार आहे.

पायरी ५: गाडी अडली तर या क्रमाने बघा

इमोबिलायझरवर संशय घेण्याआधी इतरांना निर्दोष ठरवा, कारण मोटरसायकलमध्ये इंजिन अडवण्याचा अधिकार अनेकांना आहे. किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि गाडी आडवी पडल्यावर इंजिन तोडणारा झुकावाचा सेन्सर. गाडी पडून उचलल्यानंतर चालू होत नसेल तर किल्ली एकदा ऑफ करून पुन्हा ऑन करा. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर तेवढ्यानेच पूर्ववत होतो.

आता किल्ली ऑन करा आणि तीन गोष्टी बघा.

मीटर पेटलाच नाही: मुख्य फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, स्विच. चिपचा इथे काहीही संबंध नाही.

मीटर पेटला, किल्लीचा दिवा विझला, सेल्फ फिरत नाही: किल स्विच, स्टँड, क्लच, मग बॅटरी आणि सेल्फचा रिले. किल्ली ओळखली गेलेली आहे, तिला सोडा.

किल्लीचा दिवा विझतच नाही किंवा लुकलुकत राहतो: ओळख पटलेली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, काहींत सेल्फही गप्प राहतो. आधी जुडग्यातून किल्ली वेगळी करा, दुसरी कोणतीही चिप, कार्ड, धातूचं कव्हर जवळ ठेवू नका. किल्ली ऑफ करून थोडं थांबा, पुन्हा ऑन करा. मग दुसरी किल्ली लावून बघा. दुसरीने चालली तर पहिलीची चिप गेली. दोन्हींनी नाही तर संशय अँटेना रिंग, तिचा कनेक्टर किंवा बॅटरीवर.

हो, बॅटरीवर. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं. चांगल्या बॅटरीत ते ९.५ ते १० व्होल्टच्या वर टिकतं. कमजोर बॅटरीत त्याहून खाली कोसळतं आणि ईसीयू मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा गोंधळात किल्लीचं वाचन फसतं, चेतावणीचा दिवा लागतो आणि सगळे म्हणतात चिप गेली. स्थिर उभ्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. त्यापेक्षा बरंच कमी दिसलं तर आधी बॅटरी चार्ज करा, नंतर बाकीच्या शंका.

आणखी एक गोष्ट हल्ली नव्याने उपटली आहे. हँडलवर मोबाइलचा वायरलेस चार्जर बसवतात. हे चार्जर साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे किल्लीच्या चिपच्या शेजारच्याच पट्ट्यात. चार्जर कुलपाच्या अगदी जवळ असेल आणि गाडी कधी चालू होते कधी नाही असा लहरीपणा सुरू झाला असेल, तर चार्जर बंद करून बघा. साधी यूएसबी वायर हा त्रास देत नाही.

दिवा पाच-सात वेळा ठरावीक पद्धतीने लुकलुकत असेल तर तो दोषाचा कोड असतो. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करून ठेवा, मेकॅनिकला शब्दांत सांगण्यापेक्षा ते उपयोगी पडतं. उलट, किल्ली काढल्यावर दिवा दर काही सेकंदांनी मिणमिणतो तो मुद्दाम, चोराला दिसावा म्हणून. होंडाच्या काही गाड्यांत तो २४ तासांनी आपोआप थांबतो. दिवा थांबला तरी इमोबिलायझर काम करतच असतो.

ईसीयू जळाला म्हणून जुन्या बाजारातला दुसरा आणून बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी चौकशी करा. चिपच्या गाडीत तो ईसीयू दुसऱ्या किल्लीला ओळखतो, तुमच्या नाही. त्याची जोडी असलेली किल्ली आणि रिंगही सोबत मिळाली तरच व्यवहाराला अर्थ आहे. आणि इमोबिलायझर कायमचा बायपास करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. तक्रार थांबते खरी, पण गाडीची विजेच्या बाजूची सगळी सुरक्षा त्याच्या टेबलावर राहते.

पायरी ६: कीलेस असेल तर सवयी बदला

कीलेस गाडीत तुम्ही मूठ दाबली किंवा बटण दाबलं की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हाक देते. ती एक-दोन मीटरपर्यंतच पोचते. खिशातला रिमोट जागा होतो आणि ३१५, ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवतो. मागचं गणित चिपसारखंच, फक्त रिमोटमध्ये स्वतःची बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२ जातीची चपटी. ती वर्षातून एकदा बदलून टाका, मरण्याची वाट बघू नका. मेलीच तर बहुतेक गाड्यांत रिमोट एका ठरलेल्या जागेला चिकटवून गाडी चालू करता येते, किंवा बटणांनी कोड भरता येतो. ती जागा पुस्तिकेत आजच शोधा. निर्जन रस्त्यावर अंधारात शोधणं जिवावर येतं.

कमकुवत दुवा असा की गाडी अंतर मोजत नाही, फक्त उत्तर आलं का ते बघते. एक चोर गाडीजवळ आणि दुसरा तुमच्या दाराजवळ उभा राहून हाक आणि उत्तर यंत्राने लांबवू शकतात. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ उत्पादकांच्या १० कारवर हे करून दाखवलं. काही नवे रिमोट हालचाल थांबली की झोपी जातात, हा चांगला उपाय आहे. तुमचा तसा नसेल तर रात्री तो धातूच्या डब्यात किंवा सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. डबा खरंच अडवतो का ते तपासायला रिमोट आत ठेवून गाडीशेजारी उभे राहा आणि चालू करून बघा.

जादा रिमोट सीटखाली किंवा सामानाच्या पेटीत ठेवणारे लोक आहेत. त्यांची गाडी चोवीस तास उघडी असते.

आणखी एक. रिमोट तुमच्याकडे असताना गाडी चालू केली आणि मग तो दुसऱ्याच्या जॅकेटमध्ये घरी राहिला, तर गाडी वाटेत बंद पडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पेट्रोल भरायला बंद केली की तिथेच अडकलात. निघताना खिसा चाचपणं हाच उपाय.

पायरी ७: बाहेरचा अलार्म बसवताना हिशोब करा

नुसत्या उभ्या गाडीतही घड्याळ आणि ईसीयू थोडी वीज पितात, साधारण एक-दोन मिलीअँपिअर. अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर जोडला की हा खप वाढतो. समजा तो १० मिलीअँपिअर झाला आणि बॅटरी ८ अँपिअर-तासांची आहे. ८०० तासांत, म्हणजे ३३ दिवसांत, ती पूर्ण रिकामी. पण सेल्फ मारण्याइतकी ताकद त्याच्या बऱ्याच आधी संपते. दोन-तीन आठवडे गाडी उभी ठेवणार असाल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली ठेवणारा चार्जर, लावा.

अलार्म इग्निशनच्या वायरीत रिले घालून इंजिन तोडत असेल तर तो जोड कुणी आणि कसा केला हे महत्त्वाचं. वायर सोलून पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसात आणि कंपनात सुटतो. उभ्या गाडीत सुटला तर मनस्ताप, वेगात असताना सुटला तर इंजिन क्षणात बंद. जोड नीट क्रिंप किंवा सोल्डर करून, वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवूनच घ्या. कॅन-बसवाल्या गाडीत, जिथे मीटर, ईसीयू आणि सेन्सर दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात, त्या दोन वायरींना हात लावू देऊ नका. तिथे त्याच गाडीसाठी बनवलेला, कनेक्टरमध्ये बसणारा अलार्मच घ्यावा.

किल्लीच्या स्विचवर पार्किंगची, पी अक्षराची खूण असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. हँडल लॉक करताना किल्ली एक घर पुढे गेली की मागचा दिवा पेटलेला राहतो, किल्ली निघून येते आणि सकाळी बॅटरी झोपलेली. किल स्विचने इंजिन बंद करून किल्ली ऑन ठेवणाऱ्यांचंही हेच होतं.

पायरी ८: किल्ली जे रोखू शकत नाही त्याची सोय करा

इमोबिलायझर इंजिन अडवतो, चाकं अडवत नाही. दोनशे किलोची गाडी तीन-चार माणसं उचलून टेम्पोत टाकू शकतात, आणि मग चिप कितीही बिटची असो, तिचा संबंधच येत नाही. दुचाकीचोराचा सोपा मार्ग तो हाच. हँडल लॉक हा आतल्या एका खुंटीवर उभा असतो आणि जोराच्या झटक्याने तुटू शकतो. कुलपाच्या भोकावरचं चुंबकीय झाकण पेचकस घालणाऱ्याला थोडा उशीर लावतं, एवढंच.

म्हणून जिथे गाडी रोज रात्री उभी राहते तिथे ती जमिनीत किंवा भिंतीत पक्क्या केलेल्या कडीला जाड साखळीने बांधा. साखळी फक्त चाकातून न घालता सांगाड्यातून घ्या, नाहीतर चाक जागेवर राहतं आणि गाडी जाते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर अंगाचा भार देता येतो. डिस्क लॉक प्रवासात सोयीचं, पण उचलून नेणाऱ्यासमोर निरुपयोगी. ते लावलंत तर हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधा, म्हणजे विसरून गाडी पुढे ढकलणार नाही. ट्रॅकर ही शेवटची फळी. तो चोरी थांबवत नाही, गाडी कुठे गेली ते सांगतो. म्हणून तो चटकन सापडणार नाही अशा जागी हवा.

वापरलेली गाडी घेत असाल तर

पैसे देण्याआधी सगळ्या किल्ल्या मागा आणि प्रत्येकीने गाडी चालू करून बघा. रंगीत नोंदणी-किल्ली असायला हवी होती आणि ती मिळत नसेल तर त्याची किंमत वजा करूनच बोला. कुलूप, पेट्रोलची टाकी आणि सीट एकाच किल्लीने उघडतात का ते तपासा. एखादं वेगळ्या किल्लीने उघडत असेल तर ते कधी आणि का बदललं हे विचारा. टाकीखाली हात घालून स्विचच्या वायरींवर नव्या चिकटपट्टीचे गोळे लागतात का बघा. इमोबिलायझरच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर किल्लीचा दिवा मुळीच पेटत नसेल तर इमोबिलायझर बायपास केलेला असू शकतो.

गाडी नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जाऊन, तुमच्या हातात आहेत तेवढ्याच किल्ल्या पुन्हा नोंदवून घ्या. जुन्या मालकाकडे किंवा त्याच्या मित्राकडे राहिलेली किल्ली त्यामुळे इंजिनापुरती बाद होते. कुलपात ती तरीही फिरेल आणि हँडल सोडेल, त्यामुळे साखळी तेव्हाही लागेलच. पातीच्या क्रमांकाचा फोटो काढून घरी ठेवा, गाडीच्या डिकीत नको.